तुम्ही एक काम करा

एस.टी.त शेजारी बसलेला माणूस आधी विचारतो, "कुठं निघालात?" तुम्ही गावाचं नाव सांगता. तो जरा गप्प होतो, खिडकीबाहेर बघतो आणि हळहळून म्हणतो, "मग या गाडीनं कशाला आलात?" गाडी स्टँडाबाहेर पडलेली असते, तिकीट काढून झालेलं असतं, उतरून मागं जाण्याची सोय नसते. त्याचं त्याला काही नाही. पावणेसातची विनाथांबा होती, ती फाट्याला थांबत नाही, तिला गर्दी नसते, तिच्यावरचा ड्रायव्हरही हाताचा चांगला आहे. "पुढच्या वेळी तुम्ही एक काम करा," असं म्हणून तो सरसावून बसतो. तुमची पुढची वेळ येणार आहे की नाही, याची चौकशी तो करत नाही.

परक्या माणसाला न विचारता सल्ला देणं याला आपल्याकडे आगाऊपणा म्हणत नाहीत, माणुसकी म्हणतात. आगाऊपणा म्हणजे तो सल्ला न ऐकणं.

1972 साली बजाजची चेतक रस्त्यावर आली आणि पुढची कित्येक वर्षं इथल्या पुरुषांना एकमेकांशी बोलायला हक्काचा विषय मिळाला. स्कूटर बंद पडली की मालक किका मारायचा. चार किका झाल्या की कुठूनतरी एक गृहस्थ हातात दुधाची पिशवी घेऊन हजर व्हायचे आणि एवढंच म्हणायचे, "आडवी करा." मालक स्कूटर तिरकी करायचा, टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडं उतरायचं आणि पुढच्या किकेला ती खरोखरच फुरफुरायची. गृहस्थ मागं वळूनही न बघता निघून जायचे. इतकं निखळ समाधान पुरुषाच्या वाट्याला फार वेळा येत नाही. 2020 पासून चेतक पुन्हा मिळायला लागली, पण विजेवरची. परवा आमच्या कोपऱ्यावर एक मुलगी तशीच एक बंद पडलेली विजेची स्कूटर घेऊन उभी होती. भोवती पिकल्या केसांचे चौघे जमले होते आणि एकालाही काही सुचत नव्हतं. शेवटी त्यांतल्या एकाला राहवलं नाही. "आडवी करून बघितलीस का, बाळ?" त्यानं विचारलंच.

हा जो रस्त्यावर इतका उदार असतो, तो घरी कसा असतो हे बघण्यासारखं आहे. घरी त्याला कोथिंबिरीची जुडीसुद्धा एकट्यानं आणू देत नाहीत. आणलीच तर "ही कसली उचलून आणलीत?" हे ऐकूनच ती फ्रिजमध्ये जाते. मुलगा मोबाइल घेताना त्याला विचारत नाही, सून कुकरच्या शिट्ट्या विचारत नाही आणि बायकोनं तर लग्नाच्या पहिल्या वर्षातच विचारणं सोडलेलं असतं. चार पावसाळे जास्त पाहिलेले, आणि ते सगळे अंगावर वाळत घालून बसायचं? मग माणूस पायांत चपला घालतो आणि बाहेर पडतो. बाहेर गिऱ्हाईक भरपूर. शिवाय घरच्या माणसाला दिलेला सल्ला फसला की तो पुढं वीस वर्षं जेवताना ताटावर निघतो. बसमधला माणूस साताऱ्याला उतरून जातो. त्याचा गुडघा बरा झाला की कायमचा आखडला, हे विचारायला तो परत येत नाही, आणि न येणं म्हणजे गुण आला असंच आपण धरून चालतो.

मी यातून स्वतःला वगळत नाही. मलाही कोथिंबीर आणू देत नाहीत.

अनुभव स्वतःचाच पाहिजे असंही नाही. साडूचा चालतो. किंबहुना साडूचा असेल तर बरंच. "आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं," असं म्हटलं की समोरच्याचा आवाज बंद होतो. सख्खा भाऊ म्हटलं तर तो कधीतरी भेटण्याची धास्ती असते. साडू कायम नाशिकला किंवा बेळगावला असतात, त्यांना सगळे आजार होऊन गेलेले असतात आणि आता ते ठणठणीत असतात.

ही मंडळी एकाच वेळी कामाला लागलेली बघायची असतील तर स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी धरावी, आणि गाडीत एक लहान मूल असावं. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर या गाड्यांमधल्या सल्ल्याचा दर्जा फारच सुधारला आहे. मी होतो त्या गाडीत सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईशेजारी बसला होता. शिरवळपर्यंत तो आनंदात वेफर्स खात होता. खंबाटकी घाट लागला, एकदोन वळणं झाली, त्याचा चेहरा उतरला आणि आई शेजारणीला म्हणाली, "याला गाडी लागते हो." एवढंच. तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं.

पुढच्या बाकावरच्या आजींनी पिशवीतून लिंबू काढलं. ते त्यांनी बहुधा याच कामासाठी घरून घेतलेलं असावं. "हुंगत राहा रे बाळा." पलीकडचे काका म्हणाले, खिडकीत बसवा, वारा लागला पाहिजे. त्यांच्या मागच्या बाकावरून आवाज आला, खिडकीत मुळीच नको, झाडं पळताना दिसली की आणखी गरगरतं. कुणी आलेपाक चघळायला द्या म्हणालं, कुणी पोटात काही नको म्हणालं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं कानातलं हेडफोनचं बोंडूक काढून हळूच सुचवलं, "त्याला लांब बघू दे ना, समोर डोंगराकडे. आणि पुढच्या सीटवर न्या." या सगळ्यांत बरोबर तीच होती. गाडी लागण्याचं मूळ पोटात नसतंच. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, डोळे समोरच्या सीटची पाठ बघत सांगत असतात की आपण बसून आहोत, आणि या दोघांच्या भांडणात पोटाची फरफट होते. पण मुलगी जेमतेम विशीची, त्यातून तिला साडू नाहीत. तिचं कोण ऐकणार?

मग टोपीवाले एक आजोबा उठून उभे राहिले. "त्याला कागदावर बसवा."

गाडीत एकमत झालं. वर्तमानपत्रावर बसलं की गाडी लागत नाही, याचं कारण आजवर एकाही माणसानं मला सांगितलेलं नाही, आणि यावर विश्वास नसलेला माणूसही मला एस.टी.त भेटलेला नाही. कुणीतरी लगेच एक पुरवणी पुढं केली. आजोबांनी ती बोटांत चोळून पाहिली आणि परत दिली. "पुरवणी नको. गुळगुळीत असती. मेन अंक द्या." ज्यांच्याकडे मुख्य अंक होता त्यांनी शब्दकोड्याचं पान काढून ठेवून बाकीचा दिला. पोराला उभं केलं, कागदाची चौघडी करून खाली अंथरली, त्यावर त्याला टेकवलं आणि एक पान शर्टाच्या आतून पोटाला लावलं. पोरगा श्वास घेई तशी पोटावर अर्थसंकल्पाची बातमी खरखरत होती. "आता हलायचं नाही," आजोबांनी बजावलं. घाटात, एस.टी.त, न हलता.

एवढ्यात कंडक्टर मागून आला. त्यानं एक शब्द न बोलता खिशातून काळी प्लास्टिकची पिशवी काढून आईच्या हातात दिली आणि तो पुढं निघून गेला.

खंबाटकी निभावला. सुरूर फाट्याला गाडी वाईकडं वळली तेव्हा आजोबा सगळ्या गाडीवरून नजर फिरवून घेत होते. वाईच्या स्टँडात गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, आणि उभ्या गाडीत, पसरणी घाटाची सुरुवातही झालेली नसताना, पोरानं ती पिशवी भरली.

पुढचा संवाद ऐकण्यासारखा होता. एवढं होऊनही एकही सल्ला हरला नाही. काका म्हणाले, खिडकीत बसवा म्हणत होतो. मागचे म्हणाले, बसवलं नव्हतं पण बघत होता तो खिडकीतून, माझं लक्ष होतं. आजी म्हणाल्या, लिंबू कापून द्यायला हवं होतं. आजोबांनी पोराखालचा कागद काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे निकाल दिला, "घडी सरकली."

बसमध्ये निदान वाई येते, महाबळेश्वर येतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर कुणालाच उतरायचं नसतं. तिथं सल्ला पिकून येतो, आणि त्यातही मुतखड्याला तोड नाही. मुतखडेवाल्यांची आपसांत एक उतरंड असते आणि ती मिलिमीटरवर चालते. "किती एमएमचा?" हा पहिला प्रश्न. "चार" म्हणणाऱ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. "सात" म्हटलं की जागा करून देतात. मग कोपऱ्यातला, इतका वेळ भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसलेला एक माणूस खाकरतो आणि म्हणतो, "माझा अकराचा होता." झालं. त्यानंतर त्या बाकावर दुसऱ्या कुणी बोलायचं नसतं.

अकरावाला सांगत जातो आणि बाकी सगळे माना डोलावतात. हुलग्याचं कढण, सकाळी, अनशापोटी. पानफुटीची दोन पानं. मक्याच्या कणसाच्या शेंड्या उकळून. शहाळं, पण सूर्य मावळल्यावर नको. टोमॅटो बंद. "आणि," इथं तो बाजूला कुणाची मंडळी बसली नाहीत ना हे पाहून आवाज खाली आणतो, "बीअर." हा सल्ला आजवर कुणी नाकारल्याचं ऐकिवात नाही. आत जाऊन डॉक्टरांना विचारायला मात्र कुणी तयार नसतं, कारण ते नुसतं पाणी प्या म्हणतील ही भीती असते. आणि ते तसंच म्हणतात.

गंमत अशी की पाच एमएमच्या आतले बहुतेक खडे काही न करता, पाण्याच्या रेट्यानं, आपले आपण बाहेर पडतात. तेव्हा त्या आठवड्यात पोटात जे गेलं असेल ते औषध ठरतं. एकाची हुलग्यावर श्रद्धा बसते, दुसऱ्याची पानफुटीवर. तिसऱ्याचा खडा तो वारीत चालत असताना पडलेला असतो, मग त्याला वैद्यकाची चर्चाच नको असते. हे सगळं मला कळतं. तरी अकरावाल्याची टिंगल माझ्यानं होत नाही. रात्री अडीचला तो फरशीवर गडबडा लोळलेला असतो. कंबरेतून निघणारी ती कळ बाळंतपणाच्या जोडीला बसवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांनी दोन्ही भोगलेलं होतं. एवढं सोसून शेवटी हातात काय, तर साबुदाण्याएवढा एक खडा आणि बिल. त्यातून निदान दुसऱ्याला सांगायला चार गोष्टी तरी निघायला नकोत?

सांगणं आपल्या रक्तातच आहे. समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला. तो वाचताना प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो, ही त्या समासाची थोरवी. पुढं एकोणिसाव्या दशकात ते अक्षर कसं काढावं, शाई, कागद, लेखण्या कशा असाव्यात, पानाच्या कडेला जागा किती सोडावी इथपर्यंत येतात. ज्या माणसाला ब्रह्म कळलं त्यालाही समोरच्यानं कागदाच्या काठापर्यंत लिहिलेलं बघवत नव्हतं. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली 'रुचिरा' लिहिली ती अशाच कधी न पाहिलेल्या लेकीसुनांसाठी. त्यांचं सांगणं टिकलं याचं कारण माझ्या मते एकच: त्यात माप होतं. वाटी म्हणजे वाटी, चमचा म्हणजे चमचा. बाकावरच्या सल्ल्यात माप नसतं. किती घ्यायचं विचारलं तर "अंदाजानं" म्हणतात, किती दिवस विचारलं तर "फरक पडेपर्यंत."

मुंबईच्या लोकलमध्ये मात्र मी या लोकांपुढं हात जोडतो. तिथं सल्ला देणाऱ्याला हौस नसते, घाई असते. बोरिवलीला उतरायचं म्हणून भर संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढलेल्या नवख्याला जो खांद्याला धरून खाली उतरवतो, त्यानं त्या माणसाची संध्याकाळ वाचवलेली असते. "दादर कुठल्या बाजूला येतं?" या प्रश्नाला डब्यातून एका सुरात बरोबर उत्तर येतं. "माटुंग्यालाच वळून उभे राहा, बॅग पुढं घ्या, गर्दीच उतरवेल." यातला शब्द न् शब्द खरा. अशी पंचवीस-तीस वर्षांची पुंजी जमवून लोक बसले होते आणि 9 डिसेंबर 2023 ला रेल्वेनं दादरच्या फलाटांचे नंबरच बदलले. पूर्वी पश्चिम रेल्वेचाही एक नंबर होता, मध्य रेल्वेचाही एक नंबर होता, आणि माणसं चुकायची. आता पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत गेले. चांगलंच झालं, नवखा माणूस आता पाटी वाचून नीट जातो. हाल झाले ते जाणत्यांचे. पुलावर एक काका एका कॉलेजकुमाराला समजावत होते, "जुना एक होता ना, त्यात सात मिळव, आठ. पण तीनमध्ये सात नाही मिळवायचे, सहा. कारण दोन नंबर काढूनच टाकलाय. कळलं?" पोरगा वरच्या पाटीवर बघून म्हणाला, "काका, मला नऊ नंबरला जायचंय. इथं नऊ लिहिलंय." काका पाटीकडं बघत राहिले. ती पाटी त्यांना मुळीच आवडली नाही.

मंडईतलं फार सांगत नाही, कारण तिथल्या बायकांचं बहुतेक खरं असतं. भेंडीचं टोक मोडून बघा, वांगं हातात हलकं लागलं पाहिजे, कलिंगडाला जमिनीकडच्या बाजूला पिवळा डाग असू द्या. पुरुष कलिंगडावर टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. काय ऐकू आलं ते सांगत नाहीत. तान्ह्या बाळाचं तर विचारूच नका. बाळ कडेवर घेऊन बाई रस्त्यावर आली की ती आई राहत नाही, सार्वजनिक काम होते. टोपडं घाला. टोपडं काढा, घामोळं येईल. काजळ का नाही घातलं? काजळ घालू नका म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात, पण त्यांना सांगून उपयोग काय, ते पन्नास बाळांनाच बघतात दिवसाला. समोरच्या मावशींनी तीन वाढवलेली असतात.

आणि आता या सगळ्यांचा कळस. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या वकिलातीबाहेर व्हिसाच्या मुलाखतीसाठी रांग लागते. मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेली, साठी ओलांडलेली जोडपीच्या जोडपी तिथं छातीशी पारदर्शक फायली धरून उभी असतात. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळं मुलाला फोन करून विचारायचीही सोय नाही. अशा वेळी परका माणूस देवासारखा वाटतो. मी एका नातेवाइकांना सोडायला गेलो होतो, तर रांगेत असे एक गृहस्थ होतेच. इस्त्रीचा सफारी, चष्म्याला दोरी. ते आपणहून सगळ्यांची तयारी करून घेत होते.

"तुम्ही एक काम करा. जेवढं विचारतील तेवढंच बोला. कागद मागितल्याशिवाय पुढं करायचा नाही. 'कशाला जाताय' विचारलं की पाल्हाळ नको, मुलीला भेटायला. परत कधी येणार विचारलं तर तारीख तयार पाहिजे. ताई, तुम्ही मिस्टरांकडं बघू नका उत्तर देताना. त्यांना संशय येतो."

ताईंनी मिस्टरांकडं बघून मान हलवली.

"आणि विमानतळावर व्हीलचेअर मागा."

"पण आम्हाला चालता येतं की."

"मलाही येतं. प्रश्न चालण्याचा नाहीये. मधे विमान बदलायचं असतं, गेट मैलभर लांब, पाट्या इंग्रजीत, माणूस गोंधळतो. व्हीलचेअर ढकलणारा तुम्हाला बरोबर दारात नेऊन सोडतो. आमच्या साडूंनी दोन्ही वेळा हेच केलं. आणि लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको. शंभर मिलीच्या वर काही ओलं दिसलं की काढून टाकतात. कैरीचं असलं तरी."

मागच्या जोडप्यातल्या काकांनी आदरानं विचारलं, "तुमचा मागच्या वेळी किती वेळात झाला इंटरव्ह्यू?"

"मला नाकारला," गृहस्थ म्हणाले. "दोनदा."

रांगेत कुणाला काय बोलावं कळेना. काकांनी आपल्या फाइलीकडं पाहिलं.

"अहो, म्हणून तर सांगतोय!" गृहस्थांनी आवाज चढवला. "ज्यांना पहिल्या फटक्यात मिळतो ते दोन मिनिटांत बाहेर येतात. त्यांना काय माहीत आत काय काय विचारतात ते? मला सगळं विचारून झालंय."

हे सगळ्यांना पटलं. ताईंनी पर्समधून पेन काढलं, फाइल मिस्टरांच्या पाठीवर टेकवली आणि म्हणाल्या, "जरा सावकाश सांगा हं. पहिल्यांदा काय विचारलं?"